वुडस्टॉकच्या तुरुंगातील भेट

१८९४च्या पुलमन संपात न्यायालयाचा मनाईहुकूम मोडल्याबद्दल रेल्वे कामगारांचे पुढारी यूजीन डेब्ज यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. १८९५ मध्ये इलिनॉयमधील वुडस्टॉकच्या काउंटी तुरुंगात त्यांनी ती भोगली. तेथे समाजवादी संपादक व्हिक्टर बर्जर त्यांना भेटले आणि मार्क्सचा ‘दास कापिताल’ हा ग्रंथ देऊन गेले. त्या भेटीनेच डेब्ज समाजवादी झाले, असे सर्रास सांगितले जाते. मला ते पटत नाही. सुटकेनंतर, १८९६च्या निवडणुकीत त्यांनी डेमोक्रॅटिक उमेदवार ब्रायन यांचाच प्रचार केला. ब्रायन हरले आणि १८९७च्या जानेवारीत डेब्ज यांनी समाजवादाचा उघड स्वीकार केला. भेटीत बी पडले असेल. रुजायला मात्र तो पराभव लागला.