उंचावरून शहर: जिना कुणाचा, नजर कुणाची?

आजचा विषय तसा घरगुती वाटेल. रविवार आहे, घरात दोन मुलं आहेत, आजी आहे, खिशात फार पैसे नाहीत, आणि मुलांना उंचावरून आपलं शहर दाखवायचं आहे. कुठे जायचं? एवढाच प्रश्न. पण या साध्या प्रश्नामागे जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास आहे, कारण शहर उंचावरून बघणं ही गोष्ट कधीच सगळ्यांना सारखी मिळालेली नाही. ती कुणाला मिळाली, कुणाला नाकारली गेली आणि आज तिची किंमत कोण ठरवतं, हे आपण पुणे आणि मुंबई या दोन शहरांच्या आधारे पाहणार आहोत.

सुरुवात पुण्यापासून करू. १७३० साली शनिवारवाड्याचं काम सुरू झालं. वाड्याच्या उंच मजल्यावर मेघडंबरी होती आणि तिथून आळंदीच्या ज्ञानेश्वर मंदिराचा कळस दिसे, असं परंपरेनं सांगतात. ही गोष्ट पुणेकरांनी इतकी वर्षं जपली, याचा अर्थ लक्षात घ्या. राजाच्या घराची थोरवी सांगताना लोक तिथून काय दिसतं तेही सांगत. १८२८ च्या आगीत वाडा जळाला आणि तो उंच मजला गेला. आज आपण तिथे जातो तेव्हा दगडी जोती आणि तटबंदी पाहतो. तटावर चढता येतं, पण तिथली उंची आता आजूबाजूच्या इमारतींपुढे टिकत नाही.

पेशव्यांची दुसरी उंची मात्र टिकली. ती म्हणजे पर्वती. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये टेकडीवर देवदेवेश्वराचं मंदिर उभं केलं. खाली पायथ्याशी तळं बांधलं. पुढे १७८४ मध्ये सवाई माधवरावांच्या काळात त्या तळ्यातल्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. हाच आपला तळ्यातला गणपती. तळं आटवलं गेलं, तिथे सारसबाग झाली. म्हणजे आज पर्वतीच्या कठड्याशी उभं राहून मुलांना खाली हिरवळ दाखवाल, तेव्हा त्यांना सांगा की ही जागा एके काळी पाण्याखाली होती आणि देवळाकडे होडीतून जावं लागे. हे ऐकलं की मुलं त्या हिरवळीकडे वेगळ्या नजरेनं बघतात.

याच टेकडीवर दोन मोठ्या शेवटांच्या आठवणी आहेत. पानिपतानंतर, जून १७६१ मध्ये, नानासाहेबांनी इथेच प्राण सोडला. आणि ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावानं पर्वतीवरून पाहिली असं सांगतात. बापू गोखले तिकडे लढत होते आणि पेशवा सहा-सात किलोमीटर अंतरावरून धूळ आणि धूर पाहत होता. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर कंपनीचा झेंडा लागला. उंचावर उभं राहिलं की सगळं दिसतं, पण दिसणं म्हणजे हातात असणं नव्हे, हा धडा पर्वतीनं पुण्याला फार महागात शिकवला.

आता मुद्द्यावर येऊ. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. रुंद, उतरत्या, हत्तीनंही चढाव्यात अशा. त्या पायऱ्या कुणासाठी होत्या? पेशवाई संपून शंभरावर वर्षं झाली तरी सगळ्या पुणेकरांना वरचं देऊळ खुलं नव्हतं. दलितांना मंदिरप्रवेश नाकारला जात होता. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी पर्वती सत्याग्रह सुरू झाला. शिवराम जानबा कांबळे आणि पां. ना. राजभोज हे त्याच्या पुढाऱ्यांपैकी. एस. एम. जोशींसारखे तरुण कार्यकर्ते त्यात उतरले होते. सत्याग्रहींवर दगडफेक झाली, माणसं जखमी झाली. देऊळ तेव्हा उघडलं नाही. मंदिरप्रवेशाचा कायदा मुंबई प्रांतात झाला तो थेट १९४७ मध्ये.

हा सत्याग्रह देवदर्शनाच्या हक्काचा होता, यात शंका नाही. पण आजच्या विषयाच्या अंगानं आपण त्याकडे आणखी एका बाजूनं बघू. जिना दगडाचा होता, पक्का होता, त्याला तिकीट नव्हतं. तरीही तो सगळ्यांचा नव्हता. म्हणजे एखादी जागा फुकट आहे एवढ्यानं ती सार्वजनिक होत नाही. तिथे कुणालाही, कुणाला न विचारता जाता आलं पाहिजे. आज रविवारी सकाळी पर्वतीवर बघा: व्यायामाला आलेले आजोबा, परीक्षेच्या आधी देवाला हात जोडणारी पोरं, डबा घेऊन आलेलं कुटुंब, उतारावरच्या जनता वसाहतीतली मुलं. ही गर्दी आपोआप जमलेली नाही. तिच्यासाठी कुणीतरी दगड खाल्ले आहेत.

आता मुंबईला जाऊ. मुंबईत पेशवे नव्हते, गव्हर्नर होते आणि शेठ होते. मलबार हिलच्या टोकाला, समुद्रात शिरलेल्या मलबार पॉइंटवर, गव्हर्नरांचं निवासस्थान झालं. बाकी टेकडीवर श्रीमंतांचे बंगले आले. उंची, वारा आणि समुद्र, तिन्ही एकाच मालकाकडे.

दुसरीकडे शहराच्या मधोमध एक वेगळी उंची उभी राहत होती. कापसाच्या व्यापारातले बडे प्रस्थ प्रेमचंद रायचंद यांनी आपल्या आईच्या नावानं विद्यापीठाला घड्याळाचा मनोरा बांधायला पैसे दिले. राजाबाई टॉवर. १८६९ मध्ये पायाभरणी, १८७८ मध्ये काम पूर्ण, उंची २८० फूट. तेव्हा मुंबईत याहून उंच काही नव्हतं. वर जायला गोल जिना आहे. एके काळी लोक त्या जिन्यानं वर जाऊन शहर बघत. पण वरून पडून मृत्यू झाले, आणि तो जिना सर्वसामान्यांसाठी बंद झाला. दिल्लीचं उदाहरण तर याहून भयंकर. ४ डिसेंबर १९८१ रोजी कुतुबमिनाराच्या जिन्यात चेंगराचेंगरी झाली, ४५ जणांचा जीव गेला, त्यात शाळकरी मुलं पुष्कळ होती. तेव्हापासून मिनाराचा जिना बंद आहे.

आता इथे कुणी म्हणेल, बरोबरच केलं. आम्हीही म्हणतो, तेव्हा बंद करणं भागच होतं. पण प्रश्न त्यापुढचा आहे. जिना बंद केल्यावर त्याच्या बदल्यात लोकांना दुसरी सुरक्षित उंची दिली का? पॅरिसचं बघा. १८८९ मध्ये आयफेल टॉवर उघडला तेव्हा पहिल्या मजल्याला २ फ्रँक, दुसऱ्याला ३ आणि शेंड्यापर्यंत ५ फ्रँक असं तिकीट होतं, आणि रविवारी निम्मं. रविवार हा कामगारांच्या सुट्टीचा दिवस. लिफ्ट सुरू व्हायच्या आधीच सुमारे ३०,००० माणसं १,७१० पायऱ्या चढून गेली होती! आजही तिथे जिन्याचं तिकीट लिफ्टपेक्षा स्वस्त आहे. म्हणजे सुरक्षितपणा, दर आणि गर्दी यांचा मेळ घालता येतो. तसं कुणाला तरी ठरवावं लागतं.

मुंबईत असं ठरवलं ते महापालिकेनं, आणि तेही पाण्याच्या निमित्तानं. मलबार हिलवर शहराला पाणी पुरवणारा जलाशय आहे. त्याच्या छपरावर बाग केली. तिलाच आपण हँगिंग गार्डन म्हणतो, अधिकृत नाव फिरोजशहा मेहता उद्यान. समोर कमला नेहरू पार्क, त्यात म्हातारीचा बूट. मराठी मध्यमवर्गाच्या कितीतरी पिढ्यांचा मुंबईदर्शनाचा फोटो या बुटात काढलेला आहे. गावाहून पाहुणे आले की राणीचा बाग, चौपाटी आणि म्हातारीचा बूट, हा क्रम ठरलेला. त्या पार्कातून मरीन ड्राइव्हची कमान दिसते, संध्याकाळी दिवे लागले की तोच राणीचा हार. ज्या टेकडीवर घर घेणं सात जन्मांत जमणार नाही, तिथून तोच देखावा गिरणीकामगाराची पोरंही बघत होती. नगरपालिका नावाच्या गोष्टीचं हे मोठं काम आहे, आणि ते आपण सहज विसरतो.

उंचीचं आणखी एक स्वस्त साधन मुंबईत होतं. डबलडेकर. १९३७ मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावर आली. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळवण्यासाठी मुलं काय धडपड करायची! झाडांच्या फांद्या काचेला घासायच्या, पहिल्या मजल्यांवरचे सज्जे डोळ्यांसमोरून जायचे. साध्या तिकिटात अर्ध्या तासाची सहल. जुन्या डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. त्याच वर्षी विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर आल्या. मे २०२५ मध्ये वातानुकूलित बसचं किमान भाडं ६ रुपयांवरून १२ रुपये झालं. तरीसुद्धा दक्षिण मुंबईत याहून स्वस्त उंच खुर्ची मिळणार नाही.

आणि आज? आज शहरात उंची पुष्कळ आहे, पण ती चौरस फुटावर विकली जाते. समुद्र दिसतो म्हणून फ्लॅटची किंमत वाढते. वरचा मजला महाग, त्याच इमारतीतला खालचा स्वस्त. हॉटेलांच्या गच्चीवरून शहर दिसतं, पण तिथे एका सरबताच्या पैशात चौघांचं जेवण होईल. एक उंच इमारत उभी राहिली की मागच्या दहा घरांचं आकाश जातं, आणि त्याची नोंद कुठल्याही कागदावर होत नाही.

तरी सगळं अंधारून आलेलं नाही. मार्च २०२५ मध्ये मलबार हिलवर झाडांच्या उंचीवरून जाणारा लाकडी पादचारी मार्ग सुरू झाला. लांबी ४८५ मीटर. सुरुवातीला भारतीयांसाठी तिकीट २५ रुपये ठेवलं. चौघांचे शंभर रुपये. गर्दी आवरायला वेळेची आगाऊ नोंदणी आहे. आयफेलच्या बाबतीत आपण जे म्हटलं तेच इथे दिसतं: दर माफक, संख्या मर्यादित, जिना उघडा. अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा सुमारे २०० फुटांचा काळा खडक, त्यात कोरलेल्या पायऱ्या आणि माथ्यावर गावदेवीचं देऊळ. चहूबाजूंनी इमारती आणि झोपड्यांनी वेढलेला. वर गेलात की उपनगर कसं वाढलं ते एका नजरेत कळतं. भूगोल आणि इतिहास दोन्ही, आणि तिकीट नाही.

पुण्यात ही लढाई टेकड्यांवर चालू आहे. १९९७ मध्ये २३ गावं महापालिकेत आली, त्यांच्या हद्दीतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आलं आणि त्यावरचा वाद वर्षानुवर्षं चालला. वेताळ टेकडीवरून रस्ता आणि खालून बोगदे नेण्याच्या योजनांना अलीकडे हजारो नागरिकांनी विरोध केला. त्यात झाडं, मोर, भूजल हे मुद्दे होतेच. पण त्यात हाही मुद्दा होता असं आम्हाला वाटतं, की रोज पहाटे कुणाची परवानगी न घेता आपलं शहर वरून बघण्याची जागा लोकांना सोडायची नव्हती.

आता शेवटी, ज्यांना खरोखर रविवारीच निघायचं आहे त्यांच्यासाठी. पुण्यात असाल तर मेट्रोनं स्वारगेटला उतरा, तिथून पर्वतीचा पायथा जवळ आहे. सकाळी लवकर जा. पावसाळा संपता संपता, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हवा धुतलेली असते आणि नैर्ऋत्येला सिंहगड स्वच्छ दिसतो. थंडीत सकाळी धुरकं असतं. आजींना १०३ पायऱ्या जमत नसतील तर त्यांना सारसबागेत बसवा, आणि वरून मुलांना आजी शोधायला सांगा. मुंबईत असाल तर मलबार हिलला संध्याकाळ गाठा, दिवे लागेपर्यंत थांबा, परत येताना डबलडेकर मिळाली तर सोडू नका.

वर पोचल्यावर मुलांना पहिला प्रश्न हा विचारा: आपलं घर कुठे? मग दुसरा: आपल्याआधी इथे कोण उभं राहत होतं, आणि कुणाला उभं राहू दिलं नव्हतं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सांगायला विसरू नका. जिन्याची देखभाल दगडानं होते, पण तो उघडा राहतो तो लोक चढत राहतात म्हणून.