पारावरचा लिंब आणि म्युनिकचा निकाल

मंदिराच्या जीर्णोद्धारानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत देवस्थानाची माहिती, बांधकामाचा वृत्तांत आणि देणगीदारांची नामावली हे सर्व यथास्थित येईलच. ज्यांनी घामाचे चार पैसे देवकार्यास दिले त्यांची नावे छापली जावीत हे योग्यच होय. परंतु देवळाच्या आवारात असाही एक जुना रहिवासी असतो की ज्याचे नाव कोणत्याच पावतीपुस्तकात येत नाही. तो म्हणजे पाराशेजारचा कडुलिंब. त्याचा इतिहास लिहावयाचा तर गावाची वेस ओलांडून पार जर्मनीतील म्युनिक शहरापर्यंत जावे लागते. ग्रामस्थ बंधु-भगिनींनी व देणगीदार मंडळींनी तेवढी सवड काढावी अशी विनंती आहे.

लिंबाची ओळख आपणांस करून देणे म्हणजे मामाला भाच्याची ओळख करून देण्यासारखे आहे. पाडव्याच्या दिवशी कोवळा पाला, गूळ, ओवा, हिंग, मीठ यांची चटणी तोंडात पडल्यावाचून वर्ष सुरू होत नाही. मर्तिकाहून परतलेला माणूस लिंबाचे पान चावल्याशिवाय घरात शिरत नाही. बाळंतिणीच्या खोलीत लिंबाची धुरी असते, गोवर-कांजिण्या झालेल्या पोराच्या अंथरुणाशी डहाळी असते. जोंधळ्याच्या कणगीत थरावर थर देताना मधून वाळला पाला घालणे, कपड्यांच्या पेटीत वेखंडाचा तुकडा ठेवणे, धान्यात निर्गुडीचा पाला मिसळणे, बैलाच्या जखमेत किडे पडल्यास निंबोळीचे किंवा करंजाचे तेल सोडणे, हळदीच्या रानात पेंड टाकणे, ही सारी कामे आपल्या आज्या-पणज्यांनी व जुन्या शेतकऱ्यांनी कोणत्याही पुस्तकावाचून केली. कीड का पळते हे त्यांना ठाऊक नव्हते. पळते एवढे मात्र पक्के ठाऊक होते.

पुस्तकांत लिंब नव्हता असे मात्र नाही. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत निंब ठिकठिकाणी आला आहे. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथातही निंबाची माहिती दिली आहे. इंग्रज या झाडाला मार्गोसा म्हणत, तो शब्दही ‘कडू’ या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरूनच आलेला. वनस्पतिशास्त्रातील त्याचे ‘अझाडिराक्टा’ हे नाव फारसी ‘आझाद दरख्त’ यावरून पडले. एका झाडाला इतक्या भाषांनी नावे दिली, यावरूनच त्याची ख्याती दिसते.

शास्त्रज्ञांचे लक्ष मात्र उशिरा गेले. डॉ. सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९४२ साली निंबोळीच्या तेलातून निंबीन, निंबिनीन व निंबिडीन ही कडू द्रव्ये वेगळी काढली. पुढे १९५९ साली सुदान देशात टोळधाड आली. हाइनरिख श्मुटरर नावाचे जर्मन कीटकशास्त्रज्ञ तेथे होते. टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, पण लिंबाची झाडे जशीच्या तशी उभी राहिली, हे त्यांनी पाहिले आणि उरलेले आयुष्य बहुतांशी त्याच झाडाच्या अभ्यासाला दिले. इकडे दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत डॉ. प्रधान व त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी पिकावर फवारले. टोळ त्या पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. ही हकीकत १९६२ साली प्रसिद्ध झाली. १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ आणि मॉर्गन या दोघांनी ज्याच्यामुळे टोळ तोंड फिरवतात ते मुख्य द्रव्य वेगळे केले. त्याला अझाडिराक्टिन म्हणतात. त्याची रचना इतकी गुंतागुंतीची की ते प्रयोगशाळेत बनविण्यासाठी केंब्रिजच्या रसायनशास्त्रज्ञांना बावीस वर्षे लागली. २००७ साली ते साधले. आपल्या पारावरचा लिंब मात्र दर उन्हाळ्यात तेच काम विनातक्रार करीत असतो.

या द्रव्याची खुबी अशी की ते किडीला तडकाफडकी मारीत नाही. प्रथम तिची भूकच मोडते. शिवाय अळीला मोठे होण्यासाठी वरचेवर कात टाकावी लागते, ती कात टाकण्याची तिच्या अंगातील व्यवस्थाच बिघडते. अळी ना पुढे वाढते, ना अंडी घालण्याच्या अवस्थेला पोहोचते. म्हणूनच दुसऱ्या दिवशी शेतात जाऊन मेलेल्या अळ्या मोजणाऱ्याची निराशा होते व तो दुकानाकडे वळतो.

आणि तो वळलाच. डीडीटी, एंड्रिन आणि त्यामागून आलेली अनेक औषधे गावोगाव पोहोचली. त्यांनी पिके वाचविली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु त्यांची किंमत फक्त पावतीवर लिहिलेली नव्हती. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात पडले. त्यांतले कित्येक दुसऱ्याच्या रानात रोजंदारीने फवारायला गेलेले होते. लिंबाचा इतिहास सांगताना हे सांगावे लागते, कारण पिकाचे रक्षण व फवारणाऱ्याचे रक्षण या दोन निराळ्या गोष्टी नाहीत.

आता म्युनिकची हकीकत. निंबोळीच्या तेलाने पिकावरील बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर डब्ल्यू. आर. ग्रेस ही अमेरिकन कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी युरोपात पेटंट मागितले, व १९९४ साली ते त्यांना मिळालेही. पेटंट म्हणजे काय? तर ही युक्ती आमची, आमच्या परवानगीवाचून दुसऱ्याने तिचा धंदा करू नये, असा सरकारी शिक्का. १९९५ साली वंदना शिवा, युरोपीय संसदेतील मॅग्डा एलवोट आणि सेंद्रिय शेतीच्या जागतिक संघटनेच्या वतीने लिंडा बुलार्ड या तीन महिलांनी त्यास हरकत घेतली. मे २००० मध्ये म्युनिकच्या पेटंट कचेरीत दोन दिवस सुनावणी झाली.

येथे महाराष्ट्राचा संबंध येतो, तो मुद्दाम ध्यानात घेण्याजोगा आहे. पुण्याकडील एका निंबोळी-औषध उत्पादकाची साक्ष तेथे झाली. १९८५ व १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांतील शेतांवर निंबोळीच्या तेलापासून केलेल्या औषधाचे प्रयोग झाले होते, म्हणजे पेटंट मागण्याच्या कितीतरी आधी, हे त्यांनी तारीखवार सांगितले. ही साक्ष वजनदार ठरली. १० मे २००० रोजी पेटंट रद्द झाले. कंपनीने अपील केले, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले गेले. योगायोग असा की तो दिवस जागतिक महिला दिनाचा होता.

मनात येते ते असे. शेकडो वर्षांचे आजीबाईंचे ज्ञान खरे असूनही कचेरीत टिकते ते लिहिलेले, तारीख घातलेले, साक्षीदार असलेले. हळदीचेही तसेच झाले. हळदीने जखम भरते यावर १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाने पेटंट मिळविले, तेव्हा मूळचे गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या संस्कृत ग्रंथांपासून १९५३ सालच्या वैद्यकीय मासिकापर्यंत बत्तीस पुरावे पुढे केले. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. जखमेवर हळद दाबणाऱ्या कोणत्याही आईने हे ऐकून कपाळावर हात मारला असता. पण पुरावा तिच्या हातात नव्हता, ग्रंथात होता.

औषधी झाडाची कीर्ती वाढली की त्याचे भले होतेच असे नाही, हे नरक्याच्या उदाहरणावरून दिसते. नंदुरबार येथे १९२५ साली जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले डॉ. मनसुख वाणी अमेरिकेत गेले. तेथे डॉ. मनरो वॉल यांच्याबरोबर त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य १९६६ साली शोधून काढले आणि १९७१ साली यू वृक्षाच्या सालीतून टॅक्सॉल. दोन्हींपासून पुढे कर्करोगावरील औषधे तयार झाली. खानदेशच्या या सुपुत्राचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, ही खेदाची गोष्ट आहे. असो. १९७२ साली असे आढळले की तेच कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतील नरक्या नावाच्या लहानशा झाडात भरपूर आहे. फुलांच्या दुर्गंधीमुळे ज्याला लोकांनी नरक्या म्हटले, त्याला व्यापारी अमृता म्हणू लागले. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून ही झाडे चोरून तोडली गेली, लाकडाचे तुकडे पोत्यांत भरून बाहेर गेले. डोंगरातल्या तोडणाऱ्याला मजुरी मिळाली ती किलोवर. औषधाच्या किमतीशी तिचा काडीचाही संबंध नव्हता. देवराईत मात्र देवाच्या धाकाने कोयता चालत नसे, म्हणून जेथे देवराया शाबूत राहिल्या तेथे अशी झाडेही तग धरून राहिली.

झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी, हा समजही सोडावयास हवा. निंबोळीचे तेल तान्ह्या मुलांना पाजल्याने विषबाधा होऊन मुले दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अंगाला लावण्याची गोष्ट पोटात घालू नये. तंबाखूचा काढा फवारणाऱ्यांनी तर हात व तोंड झाकलेच पाहिजे, कारण निकोटीन कातडीतून अंगात भिनते. तसेच रक्तदाब, मधुमेह यांची चालू औषधे बंद करून पाल्याचा रस पिणे हा शहाणपणा नव्हे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पूर्वापार वापरात होती. पण मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवर तिची रीतसर तपासणी करून १९४९ साली ती जगापुढे मांडली, तेव्हाच ती किती द्यावी व कोणाला द्यावी हे ठरले.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही ठेवण्याची तरतूद केलेली आहे. गावातील वनस्पती, त्यांची स्थानिक नावे, उपयोग व सांगणाऱ्याचे नाव तीत लिहावयाचे असते. अनेक ठिकाणी ही वही बाहेरच्या माणसाने दोन दिवसांत भरून दिलेली दिसते व तीत आजीबाईंचे नावही नसते. जीर्णोद्धाराच्या निमित्ताने गावातली व मुंबई-पुण्याची मंडळी एकत्र जमतातच. त्या दिवसांत नातवंडांनी वही-पेन्सिल घेऊन वडीलधाऱ्यांपाशी बसावे, म्हणजे कोरी पाने भरतील.

पुष्कळांनी निंबोळी अर्काचे प्रमाण विचारले म्हणून येथे देतो. ज्येष्ठ-आषाढात पडलेल्या पिकल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बी सावलीत वाळवावे. ओल्यावर बुरशी आली की गुण जातो. पाच किलो गराची भरड रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवावी, सकाळी दोन-तीन वेळा फडक्यातून गाळावी, दोनशे ग्रॅम साबणाचा चुरा थोड्या पाण्यात विरघळवून त्यात घालावा आणि एकूण शंभर लिटर पाणी करावे. फवारणी ऊन उतरल्यावर करावी, कारण कडक उन्हात अझाडिराक्टिन लवकर नासते. अळी मोठी होण्याआधीच फवारावे आणि अर्क ज्या दिवशी गाळला त्याच दिवशी संपवावा.