पपईचा चीक, दुर्बीण आणि आपला मणका

आजचा विषय पाठीचा. लातूरच्या आडत बाजारात पोती उचलणारा हमाल असो, नाहीतर नांदेडच्या अभ्यासिकेत मोबाइलवर मान वाकवून बसलेले तुम्ही असा, "मणक्यात गॅप आलाय" हे वाक्य घरात कुणीतरी म्हटलेलं असतंच. त्यावर लगेच दुसरं येतं: "ऑपरेशन करू नका, माणूस अंथरुणाला खिळतो." ही भीती आली कुठून?

आधी 'गॅप' म्हणजे काय ते बघू. दोन मणक्यांच्या मध्ये मऊ गादी असते. ती फाटून बाहेर आली की शेजारची नस दबते आणि कळ कमरेतून पायात उतरते. हे साधं वाटतं, पण डॉक्टरांना नीट कळलं १९३४ मध्ये. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवून दिलं, की ज्याला गाठ समजत होते तो गादीचाच तुकडा आहे. तेव्हा आपल्याकडे निजामाचं राज्य होतं.

त्या काळचं ऑपरेशन मोठं होतं. लांब चीर, स्नायू बाजूला, हाड कापायचं, मग बरेच दिवस पडून राहायचं. शिवाय मराठवाड्यात सरकारी मेडिकल कॉलेज आलं ते १९५६ मध्ये, औरंगाबादला. नांदेडला १९८८, लातूरला २००२. तोवर मोठ्या उपचारांसाठी हैदराबाद नाहीतर पुणे गाठायचं. आता विचार करा, पाय लुळा पडल्यावर कुणी तिथं पोचला, तर दबलेली नस पूर्ण सुधारेलच असं नसतं. उशीर झाला, पण नाव ऑपरेशनचं खराब झालं!

तिकडे चीर लहान करायची धडपड चालूच होती. गंमत म्हणजे त्यात पपई आहे. १९५६ मध्ये लुईस थॉमस यांनी सशांना पपईच्या चिकातलं पपेन टोचलं, तर त्यांचे ताठ कान लोंबायला लागले, कारण कानातली कुर्चा मऊ पडली होती. त्याच चिकातलं कायमोपपेन १९६३ मध्ये लायमन स्मिथ यांनी रुग्णाच्या गादीत टोचलं. चीर नाही, टाका नाही! १९८२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पण काहींना जीवघेणी ॲलर्जी झाली, क्वचित कुणाला लकवाही झाला. शेवटी हे औषध मागे पडलं. छिद्र सुईएवढं होतं, धोका सुईएवढा नव्हता.

मानेसाठी १९५८ मध्ये क्लोवर्ड आणि स्मिथ-रॉबिन्सन यांनी गळ्याच्या पुढच्या बाजूने गादीपर्यंत जायची वाट दाखवली. १९७७ मध्ये यासर्गिल आणि कास्पर यांनी मायक्रोस्कोप वापरून कमरेची चीर लहान केली. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी बारीक नळीतून दुर्बीण घालून गादीचा तुकडा काढायची पद्धत मांडली. स्नायू कापायचे नाहीत, नुसते बाजूला सारायचे. आज काही ऑपरेशनं जागा बधिर करूनही होतात, आणि बरेच रुग्ण त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालतात.

मग सगळ्यांनीच दुर्बिणीचं ऑपरेशन करून घ्यायचं का? नाही. गादी सरकलेल्या बहुतेकांचं दुखणं दीड-दोन महिन्यांत औषध, हालचाल आणि व्यायामानं कमी होतं. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिचंच, असंही नाही. कसलाही त्रास नसलेल्या माणसांतही ती दिसते. म्हणून डॉक्टरांना "चीर केवढी?" याच्या आधी विचारा: माझी कोणती नस दबली आहे? माझं दुखणं त्या एमआरआयशी जुळतं का? थांबलो तर काय होईल?

एका बाबतीत मात्र थांबायचं नाही. लघवी अडकली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद झपाट्याने गेली, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. तिथं तास मोजले जातात. मानेच्या दुखण्यात हातातून वस्तू निसटायला लागल्या, चालताना तोल जायला लागला, तरी अंगावर काढू नका.

तर मंडळी, घरातलं कुणी कंबर धरून बसलं असेल, तर हा भाग त्यांना ऐकवा. भीती जुन्या ऑपरेशनची आहे, निर्णय आजचा घ्यायचाय. भेटू पुढच्या भागात!