एम्युलेटरमधील पूर्वनिर्धारित मूल्ये व वापरकर्त्याचे बदल : 'मेम'च्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जुन्या यंत्राचे वर्तन नव्या संगणकावर हुबेहूब घडवून आणणाऱ्या आज्ञावलीस एम्युलेटर म्हणतात. तीत मूळ यंत्राची नोंद आणि वापरकर्त्याची आवड एकत्र नांदतात. त्यांची सरमिसळ झाल्यास ऐतिहासिक पुरावाच दूषित होतो. इटलीतील निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, आर्केड खेळयंत्रांच्या 'मेम' या एम्युलेटरच्या आधारे या प्रश्नाचा येथे विचार केला आहे.

मूळ यंत्रातील विभागणी

निर्माता व चालक यांच्या अधिकारांची विभागणी मूळ यंत्रातच होती. नामको कंपनीच्या 'पॅकमॅन' (१९८०) या यंत्राच्या सर्किट बोर्डवर लहान डिप स्विच असत. खेळाडूस एक, दोन, तीन की पाच 'जीव' द्यावयाचे, हे यंत्राचा चालक त्यांद्वारे ठरवी. मेमच्या सोर्स कोडमध्ये हे सर्व पर्याय नोंदलेले असून तीन हे पूर्वनिर्धारित मूल्य आहे. वापरकर्त्याने पाच निवडल्यास सोर्स कोड बदलत नाही. बदललेले मूल्य तेवढे त्या खेळाच्या स्वतंत्र 'सीएफजी' फाईलमध्ये साठविले जाते.

स्तररचना

चित्र, ध्वनी इत्यादी पर्यायांसाठी मेममध्ये 'आयएनआय' फाईलींची उतरंड आहे. प्रथम सर्वसाधारण फाईल, मग उभ्या वा आडव्या पडद्याची, त्यानंतर यंत्रकुलाची व शेवटी विशिष्ट खेळाची फाईल वाचली जाते. नंतरची फाईल आधीचीवर मात करते. कमांड लाइनवरील आज्ञा सर्वांहून श्रेष्ठ, परंतु त्या वेळेपुरतीच. उत्सर्गापेक्षा अपवाद बलवान, हे व्याकरणातील तत्त्वच येथे दिसते.

मर्यादा

ही व्यवस्था निर्दोष नाही. सर्वसाधारण फाईल आज्ञेद्वारे निर्माण केल्यास तीत सर्वच पर्यायांची मूल्ये लिहिली जातात. पुढील आवृत्तीत एखादे पूर्वनिर्धारित मूल्य बदलले, तरी जुन्या फाईलमधील मूल्यच प्रभावी ठरते. वापरकर्त्याने जे कधी निवडलेच नाही, ते त्याची निवड म्हणून टिकून राहते. केवळ फरक नोंदविणाऱ्या 'सीएफजी' पद्धतीत हा दोष टळतो.

समारोप

एम्युलेटरमधील पूर्वनिर्धारित मूल्य ही केवळ सोय नव्हे. 'मूळ यंत्र असे होते' असे ते ऐतिहासिक विधान असते. नवा पुरावा मिळताच असे विधान दुरुस्त करता आले पाहिजे आणि ती दुरुस्ती सर्वांपर्यंत पोहोचली पाहिजे. त्यासाठी वापरकर्त्याचे बदल वेगळे व किमान ठेवणे ही इतिहासलेखनाचीच शिस्त ठरते.