पतंगाचा पंख, रेडिओची दोरी

इंजिन नसलेले विमान म्हणजे ग्लायडर. ते हवेत तरंगते कसे, हे विद्यार्थी विचारतातच. पण त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. आत चालक नसताना ते कलंडून न पडता सरळ कसे जाते? विमानविद्येच्या इतिहासात या प्रश्नाचे पहिले चांगले उत्तर एका खेळण्यावर सापडले.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील जमीनदार जॉर्ज केली यांनी १८०४ साली एक मॉडेल बनवले. लाकडी काठीवर पंख म्हणून चक्क कागदी पतंग बसवला होता. त्याचे क्षेत्रफळ १५४ चौरस इंच होते. मागे अधिक चिन्हाच्या आकाराची, हवी तशी वळवता येणारी शेपटी होती आणि पुढे सरकवता येणारे वजन. हे मॉडेल सुमारे १८ अंशांच्या उतारावर संथपणे खाली येई, म्हणजे साधारण तीन मीटर पुढे जाताना एक मीटर खाली. ते टेकडीवरून तरंगत उतरताना पाहून केलींच्या मनात आले, की असे मोठे यंत्र आल्प्स उतरायला भरवशाच्या खेचरापेक्षाही सुरक्षित ठरेल!

पुढे १८०९-१०च्या लेखांत केलींनी आणखी एक युक्ती मांडली. दोन्ही पंख टोकांकडे किंचित वर उचललेले ठेवावेत, म्हणजे समोरून पाहिल्यास उथळ ‘व्ही’ दिसेल. असे ग्लायडर डावीकडे कलले, की ते डावीकडे घसरू लागते. त्यामुळे त्या बाजूने आलेली हवा डाव्या पंखाला जास्त कोनातून भिडते, त्या पंखाची उचल वाढते आणि तोल आपोआप सावरतो.

स्वतः उडू पाहणाऱ्यांसाठी तोल हा जिवाचा प्रश्न होता. जर्मनीचे ऑटो लिलिएंथाल यांनी १८९१पासून दोन हजारांहून अधिक उड्डाणे केली. तोल सांभाळण्यासाठी ते आपले शरीर इकडेतिकडे झुकवत. १८९६ साली त्यांचे ग्लायडर कोसळले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. मॉडेल पडले तर फक्त काड्या मोडतात. म्हणूनच चुका करून शिकण्याची सोय मॉडेलने दिली.

मात्र मॉडेल एकदा हातातून सुटले, की त्यावर आपला ताबा उरत नसे. हा ताबा रेडिओने दिला. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कमध्ये बिनतारी लहरींनी चालणारी छोटी नाव दाखवली होती. पण नाव वजन पेलते, ग्लायडर पेलत नाही. निर्वात नळ्या आणि बॅटऱ्या उचलू शकेल असे मॉडेल उडायला १९३०चे दशक उजाडावे लागले. १९३७ साली मूळचे ऑस्ट्रेलियन रेडिओतज्ज्ञ रॉस हल यांनी अमेरिकेत रेडिओ-नियंत्रित ग्लायडर उडवले. त्याच सुमारास मिशिगनमधील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे इंजिनाचे मॉडेल बांधले. ते आता स्मिथसोनियन संग्रहालयाच्या संग्रहात आहे.

नंतरच्या काळातील कितीतरी मॉडेलांत रेडिओ एकच काम करी. संदेश आला, की पीळ दिलेल्या रबराची खीळ सुटे आणि शेपटीवरचे सुकाणू एका बाजूला वळे. मग एवढ्यावर ग्लायडर झुकून वळण कसे घेई? याचे उत्तर केलींच्या ‘व्ही’मध्येच आहे. नाक डावीकडे वळले, की वारा उजव्या पंखाला जास्त कोनातून भिडतो. तो पंख उचलला जातो आणि ग्लायडर डावीकडे झुकते. सुकाणू सरळ होताच तोल पुन्हा सावरतो. आज्ञा माणसाची, पण तोल सांभाळे पंखांची ठेवण.

पुढे ट्रान्झिस्टरमुळे रेडिओ हलका झाला आणि १९६०च्या दशकात दांडी जेवढी हलवावी तेवढेच सुकाणू वळवणारी यंत्रणा रुळली. आता अशी ग्लायडरे डोंगरउतारावर आपटून वर चढणाऱ्या वाऱ्यावर घारीसारखी तासन् तास राहतात.

वर्गात हा इतिहास पडताळून पाहता येईल. पातळ पुठ्ठ्याचे ग्लायडर करून नाकावर कागदाच्या चिमट्याचे वजन लावा. आधी पंख सपाट ठेवून, मग टोके थोडी उचलून ते दहा-दहा वेळा सोडा. दर वेळी ते कुठे उतरले याची नोंद विद्यार्थ्यांनाच करू द्या. शेवटी सुकाणू किंचित वाकवा आणि आधी काय झाले ते विचारा: नाक वळले, की पंख झुकला?