बूडिका राणीचें बंड

इंग्लंडच्या पूर्वेस, हल्लीं ज्यास नॉर्फोक म्हणतात त्या भागांत, इसवी सनाच्या पहिल्या शतकांत आयसेनी नांवाचे ब्रिटन लोक राहात असत. त्यांचा राजा प्रासुटॅगस हा रोमचा मांडलिक. माणूस धोरणी खरा. परंतु तें धोरणच त्याच्या कुळास भोंवलें. आपल्यामागें राज्य सुरक्षित राहावें म्हणून त्यानें मृत्युपत्र करून दोन मुलींच्या जोडीला प्रत्यक्ष नीरो बादशहास वारस नेमिलें. दरोडेखोरास भागीदार केलें म्हणजे घर वांचेल, अशांतलाच हा हिशेब! राजा मरतांच रोमन अंमलदारांनीं सारेंच राज्य लुटलें, सरदारांच्या वडिलोपार्जित जमिनी हिसकावल्या, विधवा राणी बूडिका हिला फटके मारले आणि तिच्या मुलींची अब्रू घेतली. शिवाय सावकारी पाश होताच. नीतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या सेनेकानें ब्रिटनांस ४ कोटि सेस्टर्स कर्ज देऊन तें एकदम वसूल करण्यास काढिलें, असें डायो हा इतिहासकार लिहितो.

इ. स. ६०-६१ च्या सुमारास रोमन सुभेदार पॉलिनस हा पश्चिमेकडील मोना बेटावरील स्वारींत गुंतला असतां राणी उठली. शेजारचे ट्रिनोव्हांटीज लोक तिला मिळाले. प्रथम कॅम्युलोड्यूनम, म्हणजे आजचें कोल्चेस्टर, पडलें. तेथें निवृत्त रोमन शिपायांची वसाहत व क्लॉडियस बादशहाचें देऊळ होतें. त्या देवळांत शिरलेले लोक दोन दिवस टिकले, इतकेंच. मदतीस धांवलेल्या नवव्या पलटणीचें पायदळ कापलें गेलें. लंडन राखणें शक्य नाहीं असें पाहून पॉलिनसनें तें सोडून दिलें. मागें राहिलेल्या बायकांची व म्हाताऱ्यांची कत्तल झाली. लंडन व कोल्चेस्टर येथें खोल खणलें असतां आजही जळालेल्या तांबड्या मातीचा थर लागतो. राणीचा अपमान जितका खरा, तितकीच ही कत्तलही खरी. एकीच्या भरांत दुसरी झांकून चालत नाहीं.

अखेरच्या लढाईस पॉलिनसजवळ जेमतेम १०,००० लोक होते. पण त्यानें पाठीशीं अरण्य असलेली चिंचोळी जागा निवडली. विजयाच्या खात्रीनें ब्रिटनांनीं बायकांस गाड्यांत बसवून मैदानाच्या कडेला लढाई पाहण्यास आणिलें होतें. पळ काढतांना त्याच गाड्यांनीं वाट अडविली. ८०,००० ब्रिटन पडले, रोमन अवघे ४००, असें टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो. त्याचा सासरा पॉलिनसच्याच हाताखालीं होता, हें ध्यानांत ठेवून तो आंकडा वाचावा. राणीनें विष घेतलें असें टॅसिटसचें म्हणणें. ती आजारानें गेली असें डायोचें. तिच्या लोकांच्या हातचें तिच्याविषयींचें एक अक्षरही उपलब्ध नाहीं.

पुढें पॉलिनसनें सूडाचें सत्र आरंभिलें. तेव्हां नवा खजिनदार क्लासिसियानस यानें रोमला लिहिलें कीं, सुभेदार बदलल्यावांचून हा झगडा मिटणार नाहीं. कांहीं काळानें पॉलिनसला अधिकार सोडावा लागला. क्लासिसियानसच्या थडग्याचे दगड लंडनमध्यें सांपडले असून ते ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत.