खुब्यातला खिळा आणि वाढते हाड (थ्रेड)

खुब्याचे हाड मोडणे हे म्हातारपणी न्हाणीघरात घसरण्याचे दुखणे, अशी समजूत आजही आढळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वैद्यकातही तीच रूढ होती. पडल्यानंतर लंगडणाऱ्या मुलाला खुब्याचा क्षय झाला असे सहज मानले जाई. १८९०च्या दशकात न्यूयॉर्कचे शल्यविशारद रॉयल व्हिटमन यांनी दाखवून दिले, की मांडीच्या हाडाची मान मुलांचीही मोडते आणि वाकडी जुळली तर पाय आखूड होतो.

व्हिटमन यांचा उपाय प्लास्टरचा होता. पाय बाहेर फाकवून, आत वळवून, छातीपासून पावलापर्यंत बांधायचा. मूल आठवडेच्या आठवडे असे जखडलेले असे, आणि तरीही पुष्कळदा आतली मान घसरतच राही.

१९२५ मध्ये बॉस्टनच्या स्मिथ-पीटरसन यांनी तीन पात्यांचा पोलादी खिळा वापरला. वृद्धांच्या शस्त्रक्रियेत त्याने क्रांती घडवली. मुलांच्या बाबतीत मात्र तो दांडगाच ठरला. त्यांचे हाड टणक, मान अरुंद. हातोडीने ठोकताना तुकडे जुळण्याऐवजी एकमेकांपासून दूर ढकलले जात.

खरा धोका तर रक्तपुरवठ्याचा होता. स्पेनमधील यादवी युद्धानंतर इंग्लंडला आलेले कॅटलान शल्यविशारद जोसेप त्रुएता यांनी १९५७ मध्ये वाढत्या हाडातील रक्तवाहिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण चार ते सात वर्षांच्या वयात हाडाच्या गोळ्याला रक्त मिळते ते मानेच्या कडेने जाणाऱ्या मोजक्या वाहिन्यांतूनच. खालून येणाऱ्या रक्ताची वाट वाढीच्या चकतीने अडवलेली असते. मान मोडली, वाहिन्या तुटल्या, की गोळा मरू लागतो. १९६२ मध्ये रॅटलिफ यांनी ब्रिटनमधील ७१ अस्थिभंग तपासले. ४२ टक्क्यांमध्ये हेच घडले होते.

पुढे जाड खिळ्याची जागा बारीक पिना आणि स्क्रूंनी घेतली. ते ठोकायचे नसतात, फिरवत बसवायचे असतात. १९७७ मध्ये कनाल आणि बूरलँड यांनी ६१ अस्थिभंगांच्या आधारे अशा जोडणीची बाजू मांडली. मान वाकडी जुळण्याचे प्रमाण तिने घटले. गोळा मरण्याचे संकट मात्र टळले नाही, कारण वाहिन्यांची हानी बहुधा पडण्याच्या क्षणीच झालेली असते.

एक पेच उरतोच. तुटीची रेघ गोळ्याजवळ असेल तर पक्की पकड मिळवण्यासाठी चकती ओलांडावी लागते. लहानग्यांत त्यासाठी आटे नसलेली गुळगुळीत पिन घालतात, म्हणजे वाढ खुंटण्याचा धोका कमी होतो. मोठ्या मुलांत स्क्रू थेट पलीकडे नेतात. पायाच्या एकूण वाढीत या चकतीचा वाटा जेमतेम सातवा, तेव्हा तेवढी उंची गमावणे परवडते, सैल जोडणी परवडत नाही. मान जिथे मांडीला मिळते त्या खालच्या भागात पट्टी आणि स्क्रू बसवतात.

मूल धावू लागल्यावरही क्ष-किरण तपासणी थांबत नाही. गोळ्याचा मृत्यू कधी कधी वर्ष उलटल्यावर दिसतो, म्हणून निदान दोन वर्षे डॉक्टर त्याच्यावर नजर ठेवतात.